ठाण्यातून निरोप आला, तर पहिला फोन कुणाला?

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, शेतावर मोबाईल लावून ऐकत असाल, नाहीतर गटाच्या सभेत सगळ्या मिळून ऐकत असाल, सगळ्यांना आमचा रामराम. आज एक नंबर लिहून घ्यायचा आहे. हात पिठाचे असतील तर शेजारी बसलेल्या शाळकरी पोराला सांगा. नंबर आहे १५१००. एक, पाच, एक, शून्य, शून्य. याला पैसे पडत नाहीत. हा नंबर कशाचा, ते पुढं बोलूच.

आपण गटांत कायद्याबद्दल बोलतो, ते बहुतेक वेळा तक्रार कशी करायची यावर. नवरा मारतो तर काय करायचं, दारूधंदा बंद कसा करायचा, मुलीला कुणी त्रास दिला तर कुठं जायचं. हे बोलायलाच हवं. पण गेल्या दोनेक वर्षांत आमच्याकडे, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या आम्हा बायकांकडे, दुसऱ्या बाजूचे प्रश्न जास्त यायला लागले आहेत. “पोराला उचलून नेलं, आता काय करू?” “बांधावरच्या भांडणात भावकीनं माझंही नाव घातलं, मला अटक होईल का?” “वकील वीस हजार मागतोय, गटातून कर्ज मिळेल का?” म्हणून आजचा विषय आरोपीच्या बाजूचा. ज्याच्यावर आळ आला आहे त्याचे हक्क काय, त्याचा वकील काय करतो, आणि कायद्यात नवीन काय बदललं.

पहिला बदल सगळ्यात मोठा. १ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे सुरू झाले. भारतीय दंड संहिता इंग्रजांच्या काळातली, १८६० सालची. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. अटक, जामीन, तपास, खटला कसा चालवायचा हे सांगणारी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. खुनाचं कलम आपल्या तोंडी ३०२ बसलेलं, ते आता १०३ झालं. “चारशेवीस” म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, ते फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. सासरच्या छळाचं ४९८-अ आता ८५ झालं. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनीच कलमं लागतात. म्हणून ठाण्यातून आलेल्या कागदावर कोणते आकडे आहेत ते पाहून घाबरू नका. तो कागद जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

आता एका गटात घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही.

गटातल्या एका ताईचा मुलगा, वय वीस. बारावी झालेला, विटभट्टीवर ट्रॅक्टर चालवतो. बाजारच्या दिवशी तालुक्याला एक मोटारसायकल चोरीला गेली. दोन दिवसांनी संध्याकाळी याला घरातून नेलं. आई मागं धावली. ठाण्याच्या दारात एक ओळखीचा माणूस भेटला, म्हणाला, “वहिनी, दहा हजार द्या, सकाळपर्यंत सोडवतो.” ताईनं गटाचे हप्त्याचे पैसे आणि शेजारणीकडून उसने घेतलेले मिळून दहा हजार त्याच्या हातात दिले. त्यानंतर तो माणूस फोन उचलेना. पोराला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं. ताई कोर्टाच्या पायरीवर बसून रडत होती, तेव्हा तिथल्याच एका विधी स्वयंसेविकेनं तिला विचारलं, “मावशी, सरकारी मोफत वकील मागितला का?” ताईला वाटत होतं, सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील.

इथंच बहुतेकांचा घोळ होतो, म्हणून नीट ऐका. कोर्टात पोलिसांच्या बाजूनं, म्हणजे सरकारच्या बाजूनं जे वकील उभे राहतात ते सरकारी अभियोक्ता. आणि आरोपीला मोफत मिळणारा वकील तो वेगळा. तो विधी सेवा प्राधिकरणाचा. त्याचा पगार सरकारी तिजोरीतून होत असला तरी तो फक्त आरोपीच्या बाजूनंच बोलतो. आरोपीनं त्याला सांगितलेली गोष्ट त्यानं पोलिसांना सांगायची नसते.

या कामाची रीतही अलीकडे बदलली. आधी विधी सेवेच्या यादीतले खाजगी वकील आपली कामं सांभाळून गरिबांचे खटले बघायचे. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं नवी व्यवस्था सुरू केली. आपल्याकडे तिला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी हे कार्यालय असतं. त्यात मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक असे वकील पूर्ण वेळ बसतात. त्यांना खाजगी खटले घेता येत नाहीत. आरोपींचा बचाव एवढंच त्यांचं काम. अटकेच्या आधीचा सल्ला, पहिली रिमांड, जामीन, पुढं खटला, अपील, सगळं त्यात येतं.

ही मदत कुणाला मिळते? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या १२ व्या कलमात यादी आहे. बाई असेल तर तिला मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. मुलांना मिळते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळते. दिव्यांगांना मिळते. औद्योगिक कामगारांना मिळते. आणि जो कोठडीत किंवा तुरुंगात आहे, त्याला मिळते, मग तो कुठल्याही जातीचा, कितीही कमाईचा असो. म्हणजे आपल्या ताईच्या पोराला हा वकील मागायचा हक्क अटक झाल्याच्या घटकेपासून होता. अर्ज साध्या कागदावर चालतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. आणि तो सुरुवातीचा १५१०० नंबर याच कामाचा आहे.

त्या पोराला वकील मिळाला. वकिलानं पहिला प्रश्न कोर्टाला हाच केला, की अटक कशासाठी? चोरीला नव्या कायद्यात कलम ३०३ लागतं आणि शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं, हे सर्वोच्च न्यायालय २०१४ पासून सांगत आलं आहे. अटक करायचीच असेल तर ती का गरजेची आहे, याची कारणं पोलिसांनी लिहून ठेवायला हवीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत या नोटिशीचं कलम ३५ आहे. नोटीस आली आणि माणूस वेळच्या वेळी हजर राहिला, तर त्याला अटक करायची नाही हा नियम. करायची झाली तर पुन्हा कारणं लिहून. आणि ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये बजावलं आहे.

इथं एक सावधानतेची गोष्ट. मोबाईलवर कुणी साहेबाच्या वेशात दिसून “तुमची डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा” म्हणालं, तर तो चोर आहे. डिजिटल अटक नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

आता अटक झालीच तर हक्क काय, ते एकेक करून सांगतो. सभेत वाचून दाखवता येतील असे लिहून घ्या.

पहिला हक्क, कारण कळण्याचा. अटक का केली हे सांगायलाच हवं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. तिथल्या तिथं लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायचं, पण कोर्टापुढं उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही दिला तर ती अटकच बेकायदा ठरते. आपल्यासाठी हे फार मोलाचं आहे. मराठी कळणाऱ्या माणसाला मराठीत, पारधी वस्तीवरच्या किंवा परप्रांतातून आलेल्या मजुराला त्याला कळेल त्या भाषेत.

दुसरा हक्क, घरच्यांना कळवण्याचा. अटक केली, कुठं ठेवलं, हे नातेवाइकाला किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा करतात, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष म्हणून सही घ्यायची असते. सही करण्याआधी तारीख आणि वेळ बघा. घरातून संध्याकाळी सातला नेलं आणि कागदावर दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा लिहिले असतील, तर तिथंच बोला. कारण तिसरा हक्क या वेळेवर अवलंबून आहे.

तिसरा हक्क, चोवीस तासांचा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करायलाच हवं.

चौथा हक्क, वकिलाला भेटण्याचा. चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं. पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.

पाचवा हक्क, तपासणीचा. अटकेनंतर डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. बाई असेल तर बाई डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखाली. मारहाण झाली असेल तर डॉक्टरला सांगावं आणि न्यायाधीश विचारतात तेव्हा न भिता सांगावं.

सहावा हक्क, स्वतःविरुद्ध न बोलण्याचा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती राज्यघटनेनंच मनाई केली आहे. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच द्यायचा नाही.

बायकांसाठी वेगळे नियम आहेत. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादाची वेळ आली तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी कारण देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. नुसत्या चौकशीला, साक्षीदार म्हणून, बाईला ठाण्यात बोलवता येत नाही. तिच्या घरी येऊन विचारायचं. हाच नियम पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीच्या पुढच्या माणसाला, दिव्यांगाला आणि आजारी माणसाला आहे. बांधावरच्या भांडणात दोन्हीकडून तक्रारी होतात आणि सासूपासून सुनेपर्यंत सगळ्यांची नावं जातात, तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता नव्या कायद्यात आरोपीला जड जाणाऱ्या गोष्टीही आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आधी पोलीस कोठडी मिळायची ती पहिल्या पंधरा दिवसांतच. आता पंधरा दिवसच, पण ते तुकड्या-तुकड्यांनी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येतात. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेल्या पोराला पुन्हा पोलीस कोठडीत नेता येतं. म्हणून वकील एका तारखेपुरता असून भागत नाही. दुसरं असं, की दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात कुणी फरार राहिला आणि कोर्टानं त्याला तसं घोषित केलं, तर तो नसतानाही खटला चालवून निकाल देता येतो. “काही दिवस पुण्याला मावशीकडं जाऊन राहा, सगळं थंड होईल” हा सल्ला आता फार महाग पडू शकतो. लपण्यापेक्षा वकिलाकडं जावं.

जामिनाच्या बाबतीत तारखा मोजायला शिका. पोलिसांनी दोषारोपपत्र साठ दिवसांत, आणि मोठ्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दाखल करायचं असतं. मुदत संपली आणि कागद आले नाहीत, तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर तो हक्क गेला. चांगला वकील कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. आपणही घरातल्या कॅलेंडरवर करावी.

आणखी एक नवा नियम, कलम ४७९ चा. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही, त्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ खटला चालू असताना तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडायचं. चोरीच्या तीन वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. हा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानंच कोर्टाकडं पाठवायचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हा नियम नाही. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील त्यालाही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कायदा येण्याआधीच्या कैद्यांनाही याचा लाभ द्यायचा. गावातला कुणी वर्षानुवर्षं आत असेल, तर त्याच्या घरी जाऊन हे सांगा. त्यांना माहीत नसण्याचीच शक्यता जास्त.

जामीन मंजूर झाला तरी खरी अडचण पुढं येते. जामीनदार आणायचा कुठून? सात-बारा असलेला माणूस कोर्टात यायला तयार नसतो. जामीन होऊनही पैसे किंवा जामीनदार नाही म्हणून माणसं तुरुंगात राहतात. यावर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जामीन झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाला अट सैल करण्याचा विचार करता येतो. म्हणजे अट झेपत नसेल तर गप्प बसायचं नाही. वकिलाला सांगायचं, “साहेब, पंधरा हजारांचा जामीनदार आमच्याकडं नाही, अट कमी करून मागा.”

आपल्या ताईच्या पोराचं असंच झालं. पाचव्या दिवशी जामीन झाला, पण जामीनदार मिळेना. शेवटी मामानं सात-बारा घेऊन तालुका गाठला. पोरगा घरी आला. खटला अजून चालू आहे. त्यानं चोरी केली की नाही, ते कोर्ट ठरवेल.

पण गटात त्यावरून मोठा वाद झाला, आणि तोच आम्हाला तुमच्यापुढं ठेवायचा आहे. ताईनं कर्ज मागितलं, दहा हजारांची उसनवारी फेडायला. एक मावशी ताडकन म्हणाल्या, “माझ्या भावाची गाडी अशीच गेली, अजून सापडली नाही. चोराच्या घरी गटाचा पैसा द्यायचा? आणि चोराला वकील तरी कशाला पाहिजे?” सभेत शांतता पसरली. मावशींचं दुःख खोटं नव्हतं.

तेव्हा दुसरी एक बाई हळूच बोलली. ती म्हणाली, “मावशी, समजा या पोरानं केली नसेल आणि त्यालाच आत टाकला, तर ज्यानं तुमच्या भावाची गाडी नेली तो बाहेर मोकळाच फिरणार ना?”

आमचंही म्हणणं तेच आहे. वकील म्हणजे गुन्हेगाराला सोडवणारा, असं आपण समजतो. वकील पोलिसांना आणि सरकारला एकच गोष्ट सांगतो, की सिद्ध करा. पुरावा पक्का असेल तर शिक्षा होतेच. पुरावा कच्चा असेल तर तो कच्चा आहे हे कुणीतरी बोलून दाखवलंच पाहिजे. आज शेजारच्या घरावर आलेली वेळ उद्या भावकीच्या एका तक्रारीनं आपल्यावर येऊ शकते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हक्क यानं कमी होत नाही. पीडित बाईलाही मोफत वकील मिळतो, तो लोकअभिरक्षक कार्यालयाबाहेरचा, वेगळा. दोघांना दोन वकील, हाच न्याय.

त्या गटानं मग ठराव केला. कर्ज दिलं, नेहमीच्याच व्याजानं, नेहमीच्याच हप्त्यानं. आणि वहीत लिहून ठेवलं, की ठाण्याच्या दारातल्या मध्यस्थाला द्यायला यापुढं गट पैसे देणार नाही. त्या मावशींनीही त्यावर सही केली. कर्जाला मात्र त्यांनी शेवटपर्यंत नाही म्हटलं, आणि तेही वहीत नोंदलं आहे. असंच असायला हवं.

तुमच्या पुढच्या सभेत चार कामं करा. एक, १५१०० हा नंबर आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन, दोन जणी ठरवा, ज्या अशा वेळी त्या घरच्या बाईसोबत ठाण्यात आणि कोर्टात जातील. एकटीला जाऊ देऊ नका. तीन, ग्रामसंघाच्या सभेला विधी स्वयंसेविकेला एकदा बोलवा. ते पैसे घेत नाहीत. चार, असा प्रसंग आला तर तीन गोष्टी लगेच लिहून ठेवा: किती वाजता नेलं, कोणत्या ठाण्याचे लोक होते, कोणता कागद दिला. वकिलाचं निम्मं काम त्या तीन ओळींवर चालतं.

आणि घरातल्या मुलांनाही हे ऐकवा. मुलींनाही ऐकवा, मुलांनाही. काही अडचण असेल तर तुमच्या गटाच्या ताईला विचारा, ती आमच्यापर्यंत पोचवेल.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या, एकमेकींना सांभाळा. नमस्कार.